भेगा पडलेल्या इमारतीतलं घर घेताना आणि विकताना

ऑगस्टमध्ये मुंबईत शहाणा माणूस घराला रंग काढत नाही. भिंती ओल्या असतात, रंग धरत नाही, रंगारी स्वतःच "दिवाळीच्या आधी बघू" म्हणतो. म्हणून विलेपार्ल्यात, पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेचं दार उघडलं आणि ताज्या रंगाचा वास आला तेव्हा मी एजंटाकडे बघितलं, आणि एजंटाने खिडकीबाहेर. "उजेड बघा किती आहे." उजेड होता. हॉलच्या कोपऱ्यातल्या कॉलमवर बोटाच्या पेराने टकटक करत खालून वर गेलो. कमरेपर्यंत आवाज ठाम, त्याच्या वर एकदम ढबढब. रंगाखाली पुट्टी, पुट्टीखाली प्लास्टर, आणि प्लास्टरने कॉलम केव्हाच सोडलेला.

ते घर मी घेतलं नाही. पण त्यानंतरच्या वर्षी आईवडिलांचं मुलुंडचं घर मीच विकलं, सत्तरच्या दशकातल्या इमारतीतलं, भेगांसकट. दोन्ही बाजूंना बसून झाल्यावर एवढं कळलं, की मुंबईत आपण फ्लॅट घेत नाही, इमारतीतला हिस्सा घेतो. फ्लॅटमधलं दुखणं चार दिवसांत झाकता येतं आणि बरेचदा थोडक्यात दुरुस्तही होतं. घर ज्याच्या जिवावर उभं आहे ते तळमजल्यावर, गच्चीवर, जिन्याखाली आणि सोसायटीच्या कपाटात असतं. त्यामुळे इमारत बघायच्या क्रमात फ्लॅट शेवटी येतो.

आधी ओल आणि दुखणं यातला फरक

ओल म्हटली की लोक घाबरतात आणि भेग दिसली की "प्लास्टरची असेल" म्हणून सोडून देतात. बरेचदा उलट असतं. वरच्या बाथरूमच्या गळतीने छताला पडलेला पिवळा डाग हा प्लंबर आणि वॉटरप्रूफिंगवाल्याचा विषय आहे. भिंत आणि बीम जिथे भेटतात तिथे आडवी, सरळ रेघ ओढल्यासारखी भेग असेल तर तीही बहुधा निरुपद्रवी, कारण वीटकाम आणि काँक्रीट वेगवेगळं आकुंचन पावतात. प्लास्टरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा असतील तर त्यांच्यासाठी सौदा सोडू नये.

थांबायचं ते पुढच्या खुणांपाशी. कॉलमच्या कडेने खालून वर जाणारी उभी भेग, आणि तिच्यातून ओघळलेला तांबूस डाग. बीमच्या खालच्या अंगाला लांबीभर गेलेली भेग. बीम आणि कॉलमच्या सांध्यात तिरकी गेलेली भेग. छज्जाच्या किंवा बाल्कनीच्या खालून पोपडे पडून उघडी झालेली सळई. आणि पूर्वी नीट लागणारी पण आता घासणारी दारं, एकाच घरातली नव्हे तर एकाखाली एक अशा तीन मजल्यांवरची.

कारण साधं आहे. काँक्रीट ताजं असतं तेव्हा ते अल्कधर्मी असतं आणि त्या आवरणात सळईला गंज चढत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत झिरपतो, समुद्राच्या वाऱ्याबरोबर क्षार येतात, आणि ते कवच जातं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. तो फुगतो आणि काँक्रीटला आतून ढकलून फोडतो. म्हणून सळईच्या रेषेत भेग पडते. तिच्यावर पुट्टी भरणं म्हणजे गळवावर पावडर लावणं.

पावसात जा, आणि खालून सुरुवात करा

जून ते सप्टेंबर हा जुनं घर बघायचा मोसम आहे. मार्चमध्ये सगळ्याच इमारती सुंदर दिसतात.

एजंट लिफ्टने वर नेईल. तुम्ही पार्किंगमध्ये थांबा. तळमजल्याचे कॉलम सगळ्या मजल्यांचा भार घेतात, तेव्हा सगळ्यात जास्त वेळ त्यांना द्या. कॉलमला नुकतंच वेगळ्या रंगाचं प्लास्टर झालंय का, लोखंडी टेकू लावलेत का, पाण्याच्या टाकीलगतचा कॉलम कायम ओला आहे का, हे बघा. तळमजल्यावर दुकान, क्लिनिक किंवा क्लास असेल तर आत शिरून काहीतरी विकत घ्या आणि नजर फिरवा. भिंत काढून दोन गाळे एक केलेत का? कॉलम तासून शोकेस बसवलंय का? २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची चार मजली साईसिद्धी कोसळली आणि १७ माणसं गेली, तेव्हा तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाने आपलं घर कितीही जपलं असलं तरी खालच्या माणसाचा हातोडा त्यांच्याच घरावर पडतो.

मग जिन्याने वर जा. जिन्याच्या खालची बाजू कोणी रंगवत नाही, म्हणून ती खरं बोलते. प्रत्येक मजल्यावर डक्टची, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीची, खिडकी उघडून संडास-बाथरूमच्या मागची बाजू बघा. पाइप गळतात, पिंपळ उगवतो, आणि त्या कायम ओल्या भिंतीलगतचे कॉलम सगळ्यात आधी जातात. गच्चीवर कोब्यात पाणी साचतं का, पत्र्याची शेड टाकलीय का, टाकीखालचे बीम कसे आहेत, ते पाहा. शेड असणं वाईट नाही. पण वॉटरप्रूफिंग टिकेना म्हणून शेड आली का, हे वॉचमनला विचारा. वॉचमन आणि इस्त्रीवाला यांच्याइतकी इमारतीची माहिती कमिटीलाही नसते.

आता फ्लॅट. हलवता येत असेल ते कपाट पुढे ओढा, किचनच्या ट्रॉल्या काढून मागे टॉर्च मारा. पीओपीचं खोटं छत असेल तर लाइटचं एक भोक उघडून मोबाइल आत घाला आणि फोटो काढा. पार्ल्यानंतर मी पाहिलेल्या एका घरात असा फोटो काढला तर सव्वा फूट सळई उघडी, आणि तिच्याखाली सुंदर गुलाबी झुंबर.

सोसायटीच्या कपाटातले कागद

मुंबई महानगरपालिका कायद्याच्या कलम ३५३ ब प्रमाणे ३० वर्षं झालेल्या इमारतीची तपासणी पालिकेकडे नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्यावी लागते आणि त्यानंतर दर १० वर्षांनी. सोसायट्यांचे आदर्श उपविधी त्याहून कडक आहेत: १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला ५ वर्षांतून एकदा, ३० च्या पुढे ३ वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे हीच तपासणी. तेव्हा चाळीस वर्षांच्या इमारतीचा सेक्रेटरी "ऑडिट असं काही झालेलं नाही" म्हणाला, तर ते उत्तरसुद्धा एक माहितीच आहे.

ऑडिटच्या शेवटी इमारतीला वर्ग दिलेला असतो. सी-१ म्हणजे धोकादायक, ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून किंवा पाडून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रिकामी न करता स्ट्रक्चरल दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ. बाजारात ज्या घरांवरून खरी घासाघीस होते ती बहुतेक सी-२ची. एकाच इमारतीचे दोन ऑडिट परस्परविरोधी निघाले, तर पालिकेची तांत्रिक सल्लागार समिती निर्णय देते. पुनर्विकास हवा असलेल्या गटाचा ऑडिटर सी-१ म्हणतो आणि नको असलेल्यांचा सी-२बी, हे नाटक मुंबईत रोज चालतं. म्हणून रिपोर्ट एकच आहे की दोन, हे विचाराच.

त्याशिवाय मागायचे कागद: पालिकेची कलम ३५४ ची (धोकादायक इमारतीची) नोटीस आली आहे का, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आहे का, कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का, शेअर सर्टिफिकेट, सिंकिंग फंडाची (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या निधीची) शिल्लक दाखवणारा ताळेबंद, आणि गेल्या पाच वर्षांच्या सर्वसाधारण सभांचं इतिवृत्त. शेवटचं कोणी मागत नाही, आणि तेच सगळ्यात बोलकं. "बी विंगच्या मागील बाजूस टेकू देण्याच्या खर्चास मंजुरी" अशी एक ओळ दहा फोटोंपेक्षा जास्त सांगते. खरेदीदार सभासद नसतो, त्याला सोसायटी कागद देईलच असं नाही. ते विकणाऱ्याने सभासद म्हणून मिळवून द्यायचे. तो टाळाटाळ करू लागला तर बयाणा देऊ नका.

ऑडिट रिपोर्ट कसा वाचायचा

साठ-सत्तर पानं असतात आणि लोक शेवटचं पान बघून मिटतात. मधली तक्त्यांची पानं उघडा.

रिबाउंड हॅमरचे आकडे काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कडकपणा सांगतात. जुन्या इमारतीत कार्बोनेशनमुळे, म्हणजे आत झिरपलेल्या त्याच कार्बन डायऑक्साइडमुळे, पृष्ठभाग कडक होतो आणि आकडा उगाच चांगला येतो, तेव्हा नुसत्या त्यावर भाळू नका. यूपीव्ही म्हणजे ध्वनिलहरी काँक्रीटमधून किती वेगाने जातात ते. सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर वाचन आलं तर काँक्रीट चांगलं धरतात, तीनच्या खाली गेलं की शंका. हाफ सेल चाचणी सळईच्या गंजाची शक्यता सांगते: उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे गेलं तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक. कार्बोनेशनच्या चाचणीत ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन मारतात. गुलाबी झालं तर कवच शाबूत, रंगच आला नाही तर गेलं.

आकड्यांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे ते घेतले कुठे. तळमजल्याच्या किती कॉलमवर चाचण्या झाल्या? डक्टकडच्या कॉलमवर झाल्या की फक्त हात पोचतो त्या दर्शनी कॉलमवर? कोअर, म्हणजे आतल्या काँक्रीटचे गोल नमुने, काढले का? सरासरी छान आणि दोन कॉलम गेलेले, असा रिपोर्ट मी पाहिलाय. इमारत सरासरीवर उभी राहत नाही.

हे सगळं वाचायला स्वतःचा स्ट्रक्चरल इंजिनिअर एका तासासाठी घ्या. आर्किटेक्ट नको, इंटिरिअरवाला तर नकोच. सोसायटीचं ऑडिट ज्याने केलं तोही नको, आणि दुरुस्तीचं टेंडर भरणारा तर मुळीच नको. तुमच्या इंजिनिअरला "घर घेऊ का?" असं विचारू नका, तो बिचारा काय सांगणार. विचारा: दुरुस्तीनंतर इमारत किती वर्षं चालेल, तसं लेखी द्याल का, आणि अंदाजपत्रकात काय राहून गेलंय?

किंमत: गणित कागदावर मांडा

समजा २८ घरांची सोसायटी आहे, वर्ग सी-२बी, दुरुस्तीचं अंदाजपत्रक १ कोटी १२ लाख. लोक लगेच २८ ने भागतात आणि घरामागे ४ लाख म्हणतात. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ४ लाख ७२ हजार. मग प्लास्टर फोडल्यावर आत काय निघेल ते. मायक्रो काँक्रीट, पॉलिमर मॉर्टर (दुरुस्तीचे खास मसाले), जॅकेटिंग (कॉलमभोवती नवं काँक्रीटचं आवरण) यांची मापं फोडाफोडीनंतरच नक्की होतात, आणि ती वाढतात, कमी झालेली मी ऐकली नाहीत. चौथा हिस्सा वाढीव धरा: ५ लाख ९० हजार. सिंकिंग फंडात ४० लाख असतील आणि सोसायटी ते वापरणार असेल तर घरामागे १ लाख ४३ हजार वजा. राहिले साडेचार लाखांच्या आसपास. वर्गणी क्षेत्रफळावर काढणार असतील तर टू बीएचकेला हा आकडा वाढेल. फ्लॅटच्या आतलं प्लास्टर आणि रंग वेगळा.

एवढी रक्कम तर किमतीतून सुटलीच पाहिजे. त्यावर वर्ष-दीड वर्ष परांच्या, धूळ, हिरवी जाळी आणि बंद खिडक्या यांचं काही मोल धरायचं की नाही हे तुमच्या स्वभावावर. आमच्या मुलुंडच्या घरासाठी आलेल्या एका गृहस्थांनी "टेकू बघून झोप लागणार नाही" म्हणत सरळ वीस टक्के सूट म्हणून मागितले. मी दिले नाहीत. पण माणूस खोटं बोलत नव्हता.

इथे एक आयकराचा खड्डा आहे, त्यात भले भले पडतात. रेडी रेकनरचं (मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेलं) मूल्य करारातल्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त निघालं, तर तो फरक दोघांच्याही करात मोजला जाऊ शकतो. रेकनर इमारतीच्या वयाची घट देतो, भेगांची देत नाही. म्हणून खराब इमारतीतलं घर स्वस्तात देता-घेताना आधी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल करून घ्या, त्याला ऑडिट रिपोर्ट जोडा, आणि सीएला कराराआधी दाखवा, नंतर नव्हे. मुद्रांक शुल्क मुंबईत मेट्रोच्या १ टक्क्यासह ६ टक्के, तेही करारमूल्य आणि सरकारी मूल्य यात जे जास्त असेल त्यावर.

बँकेचं सांगायचं तर, कर्ज मंजूर झालं म्हणजे इमारत चांगली, असं नाही. पण नाकारलं तर कारण लेखी मागा. जुन्या इमारतीला बँक उरलेलं आयुष्य विचारते आणि कर्जाची मुदत त्यात बसवते. बयाणा देण्याआधी बँकेच्या मूल्यांककाची फेरी होऊ द्या.

"दोन वर्षांत टॉवर होतोय"

हे वाक्य प्रत्येक जुन्या सोसायटीत ऐकू येतं. त्याची किंमत द्यायची तर पुरावा मागा. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्देशांप्रमाणे पुनर्विकासाच्या सभेला दोन तृतीयांश सभासदांची उपस्थिती आणि एकूण सभासदांपैकी ५१ टक्के संमती लागते. तो ठराव झालाय का? विकासक नेमलाय का? करार नोंदवलाय का? कन्व्हेयन्स नसेल तर जमीन अजून जुन्या मालकाच्या नावावर आहे, आणि टॉवर चहाच्या कपात आहे.

सी-१ इमारतीतलं घर म्हणजे घर नाहीच, तो पुढे मिळू शकणाऱ्या घराचा हक्क आहे. पाणी आणि वीज तोडली जाते, राहता येत नाही. इमारत पाडण्याआधी पालिका रहिवासी आणि त्यांच्या क्षेत्रफळाची नोंद करते. त्या नोंदीत विकणाऱ्याचं नाव आणि चौरस फूट बरोबर आहेत का, यावर सगळा सौदा उभा. भाडं आणि वाट बघण्याची ताकद नसेल तर या वाटेला जाऊ नये. गिरगाव-लालबागकडच्या पागडीच्या, उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या भाड्याच्या) इमारतींचं शास्त्र तर वेगळंच. तिथे मालकाची संमती आणि म्हाडाचं दुरुस्ती मंडळ येतं, वकिलाशिवाय पाऊल टाकू नका.

विकणाऱ्यासाठी

मी सुरुवातीला तेच केलं जे सगळे करतात. हॉलला रंग काढला. पहिला खरेदीदार खूष झाला, बयाणा दिला, आणि त्याच्या बँकेने ऑडिट रिपोर्ट मागितला. तीन आठवड्यांनी बयाणा परत. दुसऱ्याचंही तेच. दोन महिने गेले आणि एजंटांमध्ये "त्या घराचं काहीतरी आहे" अशी कुजबुज पसरली.

तिसऱ्यांदा मी फाइल टेबलावर ठेवली. वर ऑडिट रिपोर्ट, खाली दुरुस्तीचा ठराव, तीन कंत्राटदारांची दरपत्रकं, फंडाची शिल्लक, आणि बेडरूमच्या बीमचा फोटो, पट्टी लावून. ठाण्याहून आलेले नवरा-बायको होते. बायको पानं उलटत म्हणाली, "काका, हे तुम्हीच दाखवताय?" मी म्हटलं, बँक दाखवणारच आहे, मग मीच का नको. त्यांनी दुरुस्तीची रक्कम वजा करून भाव सांगितला, मी थोडं वर ओढलं, आणि अडीच महिन्यांत नोंदणी झाली.

यात सज्जनपणापेक्षा सोय जास्त आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम ५५ सांगतं, की विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न सापडणारा महत्त्वाचा दोष उघड करणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. लपवून विकलं तर कोर्टाची पायरी उरते. उघड करून, करारात लिहून विकलं, तर "आम्हाला सांगितलं नव्हतं" ही तक्रार उरत नाही.

विकण्याआधी स्वतः दुरुस्ती करावी का? तुमच्या फ्लॅटमधली गळती आणि सुटलेलं प्लास्टर, जरूर. कॉलम-बीम एकट्याने करू नका. ते सोसायटीचं काम आहे, आणि एका मजल्यावरचा कॉलम जॅकेट करून खालचा तसाच ठेवला तर पैसे वाया. बाल्कनी आत घेतली असेल, भिंत काढली असेल, तर तेही आताच सांगा. घेणाऱ्याचा इंजिनिअर मंजूर नकाशा घेऊन येईल तेव्हा ते कळणारच आहे.

करारात काय लिहून घ्यायचं

ऑडिटची तारीख आणि वर्ग कराराच्या मजकुरात घाला, रिपोर्ट परिशिष्ट म्हणून जोडा. दुरुस्तीच्या वर्गणीची रेघ आखा: अमुक तारखेआधी सभेत मंजूर झालेली विकणाऱ्याची, नंतरची घेणाऱ्याची, आणि त्या तारखेला सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र. बयाण्याच्या पावतीवर "बँकेने इमारतीच्या अवस्थेमुळे कर्ज नाकारल्यास किंवा ताबा मिळेपर्यंत पालिकेची नोटीस आल्यास बयाणा पूर्ण परत" हे वाक्य हवंच. तोंडी कबूल करणारे खूप भेटतात. सोसायटीने हस्तांतरणासाठी २५,००० रुपयांपेक्षा जास्त प्रीमियम मागितला, "दुरुस्ती निधी" असं गोंडस नाव देऊन मागितला तरी, नियम विचारा.

ताबा मिळाला की सामान आणण्याआधी एक काम करा. रिकाम्या घरातल्या प्रत्येक भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण आणि तारीख टाका, शेजारी पट्टी धरून फोटो काढा. जी भेग खटकते तिच्यावर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही बाजूंना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा. पावसाळाभर राहू द्या. काच शाबूत राहिली तर भेग झोपलेली आहे, खुशाल भरून रंग काढा. तडकली तर फोटो जोडून सेक्रेटरींना पत्र द्या आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्यासह पोच घ्या.